‘गोळ्या बंद करा, नवव्यात मुंबई गाठा’

‘गरोदर बाईच्या हृदयात दोष निघाला तर गोळ्या लगेच बंद कराव्यात, कोकणात सोय नसल्याने नववा लागताच मुंबई गाठावी, सिझेरियनच करून घ्यावे, बाळंत झाली की धोका टळला’ असा मजकूर रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोबाइलवर फिरतो आहे. तो काळजीपोटी पाठवला जात असला तरी धोक्याचा आहे.

आधी गोळ्या. आपल्याकडे अशा स्त्रियांत बहुधा लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने (घसादुखीनंतर येणारा, हृदयाला इजा करणारा ताप) आकसलेली माइट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, आढळते. अरुंद झडपेतून रक्त उतरते ते दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात; नाडी धावू लागली की तो वेळ कमी पडतो आणि रक्त फुप्फुसात तुंबते, म्हणून नाडी आवरणारे मेटोप्रोलॉल अशा वेळी आधारच असते. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दिले जाणारे पेनिसिलिनचे नेमाचे इंजेक्शनही चुकवायचे नसते. रक्तदाबावरच्या एनालाप्रिलसारखी काही औषधे बदलावी लागतात हे खरे, पण धातूची झडप असलेल्या बाईने रक्त पातळ करणारी गोळी परस्पर सोडली तर झडपेवर गुठळी धरते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना गाठून औषधे बदलून घ्यावीत.

नवव्याची वाट पाहणे तर उलटेच. शरीरातले रक्त गरोदरपणी 40 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि हृदयावरचा भार 28 ते 32 आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोहोचतो. नेमक्या त्याच सुमारास मुंबईत दिलेली लेक डोहाळजेवण उरकून माहेरी येते, आणि तिचा एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट डोंबिवलीच्या कपाटात राहतो. फुग्याने झडप रुंद करायची असेल तर ती साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात करणे बरे. शिवाय तारीख जुलैतली असेल तर घाटात दरड कोसळण्याचा हिशेब आधीच धरावा लागतो.

सोय नाही, हेही अर्धेच खरे. स्टेथोस्कोप, नाडी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रातही तपासता येते, आणि रक्तक्षय भरून काढला तरी हृदयाचे ओझे हलके होते. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला होणारी गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी याच कामाची आहे. मात्र फुप्फुसातला रक्तदाब फार वाढलेला असेल, तर गरोदरपण पुढे न्यावे का हा प्रश्न सुरुवातीलाच तज्ज्ञांपुढे ठेवावा लागतो.

सिझेरियन सरसकट लागत नाही. बहुतेकींना वेदना शमवून, शेवटच्या कळांचा ताण चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने कमी करून झालेली नैसर्गिक प्रसूतीच मानवते.

आणि बाळंत होताच गर्भाशय आकसून रक्त एकदम हृदयाकडे परतते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस अधिक जपायचे. बाळंतीण रात्री आडवी पडताच खोकू लागली, उशीवर उशी मागू लागली, तर ‘थकली असेल’ म्हणून शेक-शेगडी न करता 108 ला फोन करावा.