कुलूप लावलं म्हणून बोलणं बंद का?

सुरुवात शिऱ्याने केली. "फिनलंडवाले दुटप्पी! १९७५ मध्ये ३५ देशांना हेलसिंकीत बोलावून सामंजस्याच्या सह्या घेतल्या आणि २०२३ मध्ये स्वतःच नाटोत, अमेरिकेच्या लष्करी युतीत."

मन्या उखडलाच. "तेराशेवर किलोमीटर सीमा रशियाला लागून आहे त्यांची. युक्रेनचं डोळ्यांसमोर बघून हातावर हात ठेवून बसायचं होतं?"

"मग २०२५ मध्ये ओएससीईचं, त्या हेलसिंकी करारातूनच निघालेल्या युरोपच्या सुरक्षा-सहकार्य संघटनेचं, अध्यक्षपद कशाला घेतलं? त्याच रशियाबरोबर बैठका मारायला?"

इथे मला राहवलं नाही. हेलसिंकी करारातलं पहिलंच तत्त्व सार्वभौम समानतेचं, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की कुठल्या लष्करी युतीत जायचं, न जायचं की तटस्थ राहायचं, हा ज्या त्या देशाचा हक्क. खाली सही सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हची. २०२१ च्या डिसेंबरात रशियाने 'नाटोचा विस्तार थांबवा' अशी मागणी केली, तेव्हा फिनलंडचे त्या वेळचे अध्यक्ष नीनिस्तोंनी नव्या वर्षाच्या भाषणात तेवढंच सांगितलं: नाटोकडे अर्ज करण्याची मुभा आम्ही सोडलेली नाही. म्हणजे नाटोत जाणं करार मोडून नव्हे, कराराच्या आधारानेच झालं. आणि ही माणसं भाबडी कधीच नव्हती. शीतयुद्ध संपल्यावर बऱ्याच युरोपने सक्तीची लष्करी सेवा बंद केली, यांनी नाही.

"कागद चांगलाय रे," आबा म्हणाले, "पण ओएससीईत चालतं कसं? बहुमतानं?"

नाही ना! ५७ देश, एकाने नकार दिला की ठराव बारगळला. २०२४ साली एस्टोनिया अध्यक्ष व्हायचा होता, रशियाने अडवलं, शेवटी माल्टाला बसवलं. युक्रेनमध्ये २०१४ पासून ओएससीईचे निरीक्षक होते. मुदत वाढवायला रशियाची संमती मिळाली नाही आणि ३१ मार्च २०२२ ला ते काम संपलं.

"म्हणजे वॉचमन ठेवायचा की नाही, हे चोराला विचारायचं," शिऱ्या खूश.

मन्याने त्याच्या हातातली उरलेली खारी काढून घेतली. "त्याच निरीक्षक पथकाचे तीन युक्रेनी कर्मचारी २०२२ मध्ये रशियाने पकडले. फिनलंड अध्यक्ष होता तेव्हाही आतच होते. त्यांना सोडा म्हणायला तरी रशिया समोर बसलेला हवा की नको?"

"२०२२ पासून म्हणतायत ना. सोडले?" शिऱ्याने विचारलं.

मन्या खारी चहात बुडवत राहिला.