साउथ कॅरोलिना, १८७६ : निकाल मोजणीआधीच लागला होता

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यानंतर तीनच वर्षांनी तिथल्या साउथ कॅरोलिनात अध्यक्षपदाची निवडणूक कशी झाली ते वाचलं आणि डोकं भणभणलं.

१८७६ म्हटलं की सगळे मोजणीवरच बोलतात. रिपब्लिकन हेज (कृष्णवर्णीयांची मतं याच पक्षाकडे) विरुद्ध डेमोक्रॅट टिल्डन, साउथ कॅरोलिनासह तीन दक्षिणी राज्यांच्या निकालांवरून वाद, १५ जणांचा आयोग, तिथे ८ विरुद्ध ७, शेवटी राज्यांच्या प्रतिनिधींच्या (इलेक्टोरल) मतांत हेज १८५-१८४ ने अध्यक्ष. रंजक आहे, पण माझ्या मते खरा निकाल जुलैतच लागला होता.

साउथ कॅरोलिनातलं हॅम्बर्ग नावाचं छोटं गाव. ४ जुलै, स्वातंत्र्याची शंभरी. कृष्णवर्णीयांची मिलिशिया (राज्याचं नागरी सैनिकदल) रस्त्यावर कवायत करत होती. बग्गीतून आलेले दोन गोरे शेतकरी म्हणाले, वाट द्या. बाचाबाची झाली, अखेर वाट दिलीही. तरी प्रकरण कोर्टात गेलं. ८ जुलैला सुनावणीच्या दिवशी शेकडो हत्यारबंद गोरे गावात शिरले, नदीपलीकडच्या ऑगस्टा शहरातून तोफ आणली, आणि पकडलेल्यांपैकी काहींना रात्री एकेक करून बाहेर काढून गोळ्या घातल्या. शिक्षा कुणालाच नाही.

बहुसंख्य प्रजा कृष्णवर्णीय असलेल्या राज्यात पुढचे चार महिने ‘रेड शर्ट्स’, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाच्या गोऱ्यांच्या हत्यारबंद टोळ्या, बंदुका घेऊन रिपब्लिकनांच्या सभांमध्ये घुसत राहिले. एजफील्ड काउंटीत तर मतदारांपेक्षा मतं जास्त पडली! (आपल्याकडच्या बूथ कॅप्चरिंगवाल्यांनी शिकवणी लावावी.)

एवढं करूनही हेज तिथे ८८९ मतांनी पुढे राहिला. म्हणजे जीव मुठीत धरून किती लोक मतदानाला गेले असतील बघा. मला हे लोक वॉशिंग्टनच्या त्या पंधरा शहाण्यांपेक्षा कितीतरी मोठे वाटतात.

आणि त्यांच्या पदरात काय पडलं? गव्हर्नर म्हणून रिपब्लिकन चेंबरलेन आणि डेमोक्रॅट हॅम्प्टन, दोघांनीही शपथ घेतली होती. हेजनं एप्रिल १८७७ मध्ये विधानभवनातून चेंबरलेनला आधार देणारी केंद्राची फौज हलवली आणि चेंबरलेनचा खेळ आटोपला. ज्यांच्या मतांवर राज्य मिळालं त्यांनाच हेजनं वाऱ्यावर सोडलं. ‘देशात शांतता हवी होती’ हे समर्थन मला पटत नाही. शांतता कुणाची?

हॅम्बर्गच्या टोळीतला बेन टिलमन त्या रात्रीची उघड फुशारकी मारायचा. १८९० मध्ये तो गव्हर्नर झाला, पुढे सिनेटर. १८९५ च्या राज्यघटनेत साक्षरतेची अट आणि पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरावा लागणारा कर) आणून कृष्णवर्णीयांचं मत काढून घेण्यात पुढाकार त्याचाच. यावेळी तोफ लागली नाही.