‘सुती कपडे आणि एक रेनकोट बास’ हे खरं नाही

जून लागला की साताऱ्यातल्या ट्रेकच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला. त्यात म्हटलंय: आपला प्रदेश उष्ण, तेव्हा सुतीच कपडे घाला, स्वेटर म्हणजे नुसतं ओझं, चांगला रेनकोट असला की आतलं काही भिजत नाही, पँट अर्धीच बरी, आणि जितके दिवस तितके जोड घ्या. पोरंपोरी हे वाचून कास-ठोसेघरच्या बाजूला निघतात, म्हणून लिहितोय.

आधी सुती कापडाचं. माणदेशातल्या उन्हाळ्यात सुतीसारखं सुख नाही, हे मान्य. पण सुताचा धागा पाणी धरून ठेवतो. श्रावणात दोरीवर टाकलेला बनियन दोन दिवस दमट राहतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तोच बनियन अंगावर असला तर अंगातली ऊब ओढत राहतो, कारण पाण्यातून उष्णता हवेच्या जवळपास 25 पट सहज वाहते. जीन्स तर नकोच. भिजली की जड होते, मांड्या सोलवटतात आणि चढाला गुडघा उचलत नाही. त्यापेक्षा खेळाडू घालतात तसला पॉलिएस्टरचा साधा टीशर्ट घ्या. पिळून झटकला की अंगावरच वाळू लागतो.

‘आपल्याकडे थंडी कुठली’ हा मुद्दा मला सगळ्यांत घातक वाटतो. सातारा शहर साधारण 700 मीटर उंचीवर, कास 1200 च्या आसपास. दर 1000 मीटरला पारा सुमारे 6 अंश उतरतो, म्हणजे नुसत्या उंचीनं फरक पडतो तो 3 अंशांचा. एवढंच पाहिलं तर मेसेज बरोबर वाटेल. पण त्यात ओलं अंग आणि वारा धरलेलाच नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या तिथं वारा आहे म्हणूनच. त्याच पठारावर जुलैत, भर दुपारी, माझ्या मावसभावाला हुडहुडी भरली. अंगात जीन्स आणि जाड सुती हुडी, दोन्ही चिंब. आधी दात वाजत होते. मग तो गप्प झाला, विचारलं तर अडखळत बोलायला लागला, बोटांना जीन्सचं बटण निघेना. त्याच्या त्या गप्प होण्याची मला आजही धास्ती वाटते. शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली घसरायला बर्फ लागत नाही, ओलं कापड आणि वारा पुरतो. वस्तीवरच्या एका आजींनी त्याचे ओले कपडे काढायला लावले, घोंगडी गुंडाळली आणि चुलीपुढं बसवलं.

लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. मेंढरांमागं भर पावसात उभा असलेला धनगर घोंगडी पांघरतो, ते उगाच नाही. आपल्याला घोंगडी पाठीवर नेणं जमणार नाही, पण पातळ लोकरीचा स्वेटर किंवा हलका फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जाकीट) आणि एक कानटोपी सहज मावते.

रेनकोट न्याच, पण तो वारा अडवायला. महाबळेश्वरात वर्षाला 5500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सातारा शहरात 1000 च्या आसपास. शहरात पुरणारा रेनकोट घाटमाथ्यावर पुरत नाही. शिवाय चढाला घामाची वाफ आतच कोंडते. घाम बाहेर सोडतं म्हणून महागात विकलं जाणारं कापडही धुक्यात फारसं कामाला येत नाही, कारण बाहेरची हवा आधीच पाण्यानं भरलेली असते.

अर्धी पँट लवकर वाळते, खरं आहे. पण कोयना-चांदोलीकडच्या ओल्या रानात जळवा असतात. पातळ फुल पँट घालून पायचे मोज्यात खोचा.

राहिला रोजचा नवा जोड. तसं केलंत तर तिसऱ्या दिवशी पाठीवर तीन ओले जोड असतात आणि कोरडा एकही नसतो. दोनच न्या: एक चालायचा, एक झोपायचा. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि झोपायचा जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड पिळून बांधा. खताच्या पोत्याच्या आतली पिशवी धुऊन घेतली तरी चालते. सकाळी ओलाच जोड पुन्हा घालायचा. अंगावर काटा येतो, नको वाटतं, पण चढाला लागलं की दहा मिनिटांत अंग तापतं. त्या दहा मिनिटांसाठी कोरडी पिशवी सोडू नका, रात्री ती लागणार आहे.