इलॅस्टिकचा टाय

परवा मुलीच्या डायरीत लाल शाईनं शेरा आला. ‘टाय सैल. वरचे बटण उघडे. पालकांनी लक्ष द्यावे.’

तारीख एप्रिलची. पोरगी नुकतीच पाचवीत गेलीये. आमची शाळा सीबीएसई, त्यामुळे नवं वर्ष एप्रिललाच सुरू. स्टेट बोर्डाची पोरं परीक्षेच्या गडबडीत असतात तेव्हा आमची पोरं नव्याकोऱ्या, कडक, अजून एकही धुणं न पाहिलेल्या गणवेशात नव्या वर्गात बसलेली असतात.

पालकांनी लक्ष द्यावे म्हटलंय, तर म्हटलं देऊ. संध्याकाळी तिला जवळ बसवलं आणि गळा बघितला. कॉलरच्या बरोब्बर कडेनं घामोळ्यांची माळ उठली होती. मागच्या बाजूला, टायचं इलॅस्टिक जिथं रुततं तिथं, एक लाल रेघ. म्हणाली, “बाबा, खाजवलं की मिस ओरडतात. म्हणून मी टायच खाली ओढला.”

आता यात तिचं नेमकं काय चुकलं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढं कमेंटमध्ये वाद नको. मी गणवेशाच्या विरोधात नाही. असूच शकत नाही, कारण गणवेशांवरच वाढलोय. आमच्या अण्णांचं नाशिकला पंचवटीत शिलाईचं दुकान होतं. मे-जूनमध्ये आमच्या घरात आंबे कमी आणि कापडाचे तागे जास्त. रात्री दोनपर्यंत मशीन चालायचं, आई काज-बटण करायची आणि आम्ही भावंडं खाली सांडलेल्या खाकी चिंध्यांवरच झोपायचो. अण्णा म्हणायचे, “गणवेशात कुणाच्या घरात काय शिजतं ते दिसत नाही.” हे मला आजही शंभर टक्के पटतं.

पण तेव्हाचा गणवेश काय होता? खाकी हाफ पँट आणि पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मुलींना निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. पायात काय, हे कुणी फारसं बघायचं नाही. आणि सगळं शिवायचं वाढत्या अंगाचं. पाचवीत शिवलेला शर्ट सातवीपर्यंत जायला हवा, म्हणून बाहीला दुमड मोठी, कडेला दोन-दोन बोटं माया, म्हणजे शिवणीआड जादा कापड, सोडलेली. गरिबीतली काटकसर होती ती, पण त्यामुळे शर्ट अंगाला चिकटत नसे आणि आत वारा खेळायचा. अण्णांना घामाचं शास्त्र माहीत नव्हतं, तरी त्यांच्या मापात ते बसलेलं होतं.

आता मुलीचा गणवेश ऐका. चौकड्यांचा पिनाफोर, म्हणजे बिनबाह्यांचा झगा, आत शर्ट. कॉलर उभी राहावी म्हणून तिच्यात फ्युजिंग, म्हणजे आतून चिकटवलेलं कडक कापड. पिनाफोरला आतून सुळसुळीत अस्तर. कमरेला पट्टा, गळ्यात टाय, गुडघ्यापर्यंत मोजे, काळे बंद बूट. ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचं. (ठरावीक दुकानाची सक्ती करता येत नाही, असं शासन सांगत असतं. दुकानाचा पत्ता मात्र प्रवेशाच्या फायलीतच मिळतो. असो.)

लेबलवर लिहिलंय ‘रिच कॉटन ब्लेंड’. शिंप्याच्या पोराला लेबल काय दाखवता? शिलाईतून नाही, कापडातूनच एक धागा उपसला, चिमट्यात धरला आणि गॅसच्या ज्योतीजवळ नेला. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटानं चुरली तर मऊ राख होते. हा धागा आधी आक्रसला, मग वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. नखानं फुटेना. अस्तराचा धागा तर पेटायच्या आधीच पळाला. मुलगी म्हणाली, “बाबा, हे तर प्लास्टिक आहे.” पाचवीच्या मुलीला कळलं.

हे ‘ब्लेंड’ म्हणजे आपलं टेरिकॉटच. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सुताची मिसळ, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्यात बहुतेक वेळा पॉलिस्टरचा वाटा मोठा. सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा हवेतून धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घाम वाळतो तेव्हाच अंग गार पडतं. तो कापडाआडच कोंडला तर नुसताच ओघळतो आणि मग घामोळं. आता कुणीतरी येऊन म्हणेल की क्रिकेटवालेसुद्धा पॉलिस्टरच घालतात. घालतात. पण ते टी-शर्टासारख्या विणीचं, जाळीदार, पातळ कापड असतं. पिनाफोरचं कापड सुटिंगच्या जातीचं, घट्ट विणलेलं. दोघांचं नाव एक म्हणून गुण एक होत नाहीत.

शाळांचीही बाजू आहे. हे कापड चुरगळत नाही, रंग सोडत नाही, स्वस्त पडतं. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा रात्री धुतलेलं सकाळी वाळलेलं मिळतं. माझी बायको म्हणते, जुलैत मी या कापडाला हात जोडते. खरंय. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जुलैचं कापड एप्रिलमध्ये सक्तीचं करू नका.

आपल्याकडे अजून एक गैरसमज आहे, की नाशिक म्हणजे थंड हवेचं गाव. ६०० मीटर उंचीवरचं, जवळच्या निफाडला थंडीत पारा घसरला की बातम्यांत येणारं. खरं आहे, पण ते डिसेंबर-जानेवारीचं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, कधी पारही करतो. आणि हवामान खात्याचा तो आकडा सावलीतला असतो. पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर तापमापक ठेवतात. सव्वा मीटर म्हणजे माझ्या मुलीच्या खांद्याच्या जरा वर. पण ती काही पांढऱ्या पेटीत बसून येत नाही. रेक्झिनच्या सीटच्या व्हॅनमध्ये, मांडीला मांडी लावून बसलेल्या दहा पोरांत, मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी असते. घरी पोचायला सव्वा वाजतो.

या गावाला उन्हाची काळजी घेता येत नाही असंही नाही. आमच्या मामांचा द्राक्षबाग आहे दिंडोरीकडे. माल तयार व्हायला आला की उन्हानं मणी खराब होऊ नये म्हणून प्रत्येक घडाला कागद गुंडाळतात. एकेक घडाला, हातानं. मजूर लावून.

शेऱ्याखाली सही करण्यापेक्षा म्हटलं भेटूनच येऊ. गेलो. गेटवरचा वॉचमन गडद निळ्या फुल बाह्यांत, टोपी, बूट, पट्टा, अकराच्या उन्हात. रजिस्टरमध्ये नाव लिहिताना मी सहज म्हटलं, “गरम होत नाही का हो?” तो हसला. “आमचं पण तेच आहे साहेब. टोपी काढली की पगारातून कापतात.”

कोऑर्डिनेटर मॅडमच्या केबिनमध्ये एसी. मॅडम स्वतः छान मऊ सुती साडीत. अगदी नीट बोलल्या, तक्रार नाही.

“सर, तुमचं बरोबर आहे. पण एकीला सूट दिली की सगळे मागतील.”

“मागू द्या की मॅडम. सगळ्यांनाच घाम येतो.”

“मग डिसिप्लिन कसं राहणार?”

मी विचारलं, निदान जूनपर्यंत टाय नको, आणि रोज पीटीचा टी-शर्ट आणि कॅनव्हासचे बूट चालवाल का? तोही तुमचाच गणवेश आहे, तुमच्याच दुकानातून घेतलाय. म्हणाल्या, पीटी ड्रेस फक्त बुधवारी आणि शनिवारी. म्हणजे बुधवारी शिस्त टी-शर्टात मावते आणि गुरुवारी मावत नाही.

२०२५ च्या मार्चअखेर शिक्षण खात्यानं उन्हामुळे राज्यभरातल्या शाळा सकाळच्या करायला सांगितल्या होत्या, प्राथमिक ७ ते ११.१५ आणि माध्यमिक ७ ते ११.४५. चांगलं केलं. आमच्या शाळेनं घड्याळ हलवलं आणि टाय जागच्या जागी ठेवला. सरकारी शाळांच्या गणवेशाचंही काय झालं ते पाहिलंच आपण. ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून २०२४ मध्ये राज्यभर एकच कापड, एकच कटिंग. कुठं गणवेश महिनोन्‌महिने पोचलेच नाहीत, कुठं तिसरीच्या पोराला सहावीचा शर्ट. शेवटी ते सगळं पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. अण्णा तेव्हा पेपर वाचून म्हणाले होते, “माप घ्यायला पोराला समोर उभं करावं लागतं रे, मंत्रालयात टेप धरून चालत नाही.”

हा टाय आला कुठून? इंग्रजांकडून, हे उत्तर सगळ्यांना माहितीये. पण त्या इंग्रजांनी इथं काय केलं ते बघा. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीनं लाल लोकरी कोटाऐवजी सैल, मातकट सुती कपडे पत्करले. मातीच्या रंगाचे म्हणून खाकी. पुढे अख्ख्या फौजेनं तेच उचललं. म्हणजे ज्यांचा देश थंड, ज्यांची शिस्त जगभर नावाजलेली, त्यांनीही ऊन बघून गणवेश बदलला. आणि आपलं देवळाली! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई तिथल्या कॅम्पात महिनोन्‌महिने पडून असत. उकाडा, ताप, कंटाळा, त्यात डोकं फिरायची वेळ. इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे डोकं सरकलेला, तो शब्द या देवळालीवरूनच गेलाय. आपल्या उन्हानं त्यांच्या भाषेला शब्द दिला आणि त्यांचा टाय आपण उन्हात ठेवून घेतला.

खुद्द इंग्लंडात २०१७ च्या जूनमध्ये एक्सटरच्या एका शाळेतली पोरं स्कर्ट घालून शाळेत गेली. उकाडा वाढलेला, मुलांना हाफ पँट नियमात नाही, पण स्कर्ट गणवेशात आहे ना, मग तोच घातला! पुढच्या वर्षीपासून हाफ पँट गणवेशात आणू म्हणून मुख्याध्यापिकांना सांगावं लागलं. आपली पोरं एवढी वांड नाहीत, हे त्यांचं दुर्दैव.

लांब कशाला, सीबीएस बसस्थानकाजवळ आपल्या जिल्हा न्यायालयात जाऊन बघा. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नाही, बार कौन्सिलच्या नियमातच तशी सवलत आहे. पांढरा शर्ट, गळ्यात बँड, कामकाज चालू. कोट नाही म्हणून कुणाचा जामीन अडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

इथपर्यंत लिहून मी शाळेला शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण खरी गंमत पुढं आहे.

वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, की आपण सगळे मिळून पत्र देऊ, मार्च ते जून आणि ऑक्टोबरमध्ये टाय आणि बंद बूट नकोत. मला वाटलं अंगठ्यांचा पाऊस पडेल. चार अंगठे आले. दोन हात जोडलेले आले, त्यांचा अर्थ मला अजून कळलेला नाही. एकानं लिहिलं, आम्ही पण असेच शिकलो, काही झालं नाही. (हा गृहस्थ माझ्याच शाळेत होता. खाकी हाफ पँटीत.) एका ताईंनी लिहिलं, आज टाय नको म्हणतील, उद्या होमवर्क नको म्हणतील. आणि मग एका दादांनी लिहिलं, ते मी तसंच देतो: “टाय काढला तर आपल्या शाळेत आणि झेडपीच्या शाळेत फरक काय राहिला?”

त्याला अकरा अंगठे.

मी फोन बाजूला ठेवला. मॅडमवरचा राग तिथंच निम्मा उतरला. टाय शाळेला नकोच असेल कदाचित, तो आपल्याला हवाय. सव्वा लाख फी भरल्यावर सोसायटीच्या गेटवर व्हॅनमधून उतरणारं पोर टायमध्ये दिसायला हवं. गणवेश आला होता कुणाचं घर कसं ते झाकायला, आणि आपण त्यात नेमकं तेच दिसेल अशी सोय केली. आणि मी काही वेगळा नाही. प्रवेशाच्या दिवशी तिचा टायमधला फोटो याच भिंतीवर मीच टाकला होता. खाली स्क्रोल करा, सापडेल. १४७ लाइक आहेत.

अण्णा आता शहाऐंशीचे आहेत. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण मशीन घरात आहे. काल रात्री मी त्यांना पिनाफोर नेऊन दाखवला. त्यांनी कापड दोन बोटांत चोळलं, उजेडाकडे धरलं आणि काही न बोलता चष्मा मागितला. आतलं सगळं अस्तर उसवलं. त्या जागी आईच्या जुन्या मलमलच्या साडीचं लावलं. कॉलरमधलं फ्युजिंग खरवडून काढलं. कडेची टीप उसवून बघितली आणि चिडले, “माया सोडलीच नाहीये रे यांनी. एवढे पैसे घेऊन!” तरी अर्धा इंच निघाला, तेवढा मोकळा केला. बाहेरून बघाल तर तोच गणवेश, तोच चौकडा, तोच शाळेचा बिल्ला.

मग मुलीनं टाय पुढं केला. “आजोबा, याचं?”

अण्णांनी तो उलटा करून पाहिला. पुढं बांधलेली खोटी गाठ, मागं इलॅस्टिक आणि प्लास्टिकचा हूक. आयुष्यभर शिवलं, पण असला टाय हातात पहिल्यांदाच आला होता. हसले. डब्यातून इलॅस्टिकचा तुकडा काढला आणि दोन इंच जोडून दिला.

सोमवारी शाळा आहे. डायरी बघून कळवतो.