भोपळ्याची फुले आणि मंडईत न येणाऱ्या भाज्या

घरच्या भाजीचे कौतुक करताना लोक बहुधा दोन गोष्टी सांगतात: ती स्वस्त पडते आणि तिच्यावर फवारणी नसते. पहिली गोष्ट माझ्या अनुभवाला धरून नाही, आणि दुसरी खरी असली तरी केवळ तेवढ्यासाठी कोणी वर्षानुवर्षे गच्चीवर पाण्याच्या बादल्या वाहील असे मला वाटत नाही. गच्चीत भाजी लावायला लागले त्या पहिल्या वर्षी मी शंभरपानी वहीत रीतसर जमाखर्च मांडला होता. कुंड्या, माती, शेणखत, निंबोळी पेंड, मांडवासाठी बांबू आणि सुतळी मिळून ४,३०० रुपये झाले आणि वर्षअखेर मोजून ११ किलो माल हाती आला, त्यातही दीड किलो निव्वळ हिरव्या मिरच्या. नवऱ्याने वही चाळली आणि या भावात आपल्याला बारा महिने मटार परवडला असता, एवढेच म्हणून ती परत ठेवली. मी वही बंद केली. बाग चालू आहे, या जूनमध्ये तिला नऊ वर्षे झाली.

ती का चालू आहे, याचे माझे उत्तर एका चुकीच्या बियाण्यापासून सुरू होते. तिसऱ्या वर्षी एका दुकानातून दुधीचे बी म्हणून आणलेल्या पाकिटातून लाल भोपळा उगवला. दुधीची फुले पांढरी आणि संध्याकाळी उमलणारी, हे मला ठाऊक होते. त्यामुळे एका सकाळी मांडवावर तळहाताएवढी पिवळीधमक फुले दिसली तेव्हा फसगत लक्षात आली. वेल तोवर पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला होता आणि उपटायला हात होईना. पंधरा दिवस फुलेच फुले येत राहिली, फळाचे नाव नाही. सासूबाई तेव्हा अलिबागहून आमच्याकडे आल्या होत्या. जिना चढून वर आल्या, वेलीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अगं, ही सगळी वांझ फुलं आहेत. ओटीत घे आणि चल खाली, भजी करू या."

ती फुले वांझ नव्हती, नर होती. भोपळ्याच्या वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि सुरुवातीचे काही दिवस बहुतेक नुसती नर फुलेच येत राहतात. नर फुलाचा देठ लांब आणि सडपातळ असतो. मादी फुलाचा देठ आखूड असून पाकळ्यांच्या खाली सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीपासूनच तयार असतो. फळ धरत नाही म्हणून नर फुलाला वांझ म्हणायचे, म्हणजे इथेही दूषण बाईच्याच शब्दातले, हे मी सासूबाईंना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "शब्द राहू दे, मुंग्या झटक."

मुंग्या खरोखरच झटकाव्या लागतात, कारण त्या फुलाच्या तळाशी असलेल्या मधावर बसलेल्या असतात. फूल पाण्याखाली धरले तर पाकळ्या लगेच मऊ पडतात, म्हणून ते उलटे धरून हलकेच टिचकी मारायची. मग देठाजवळची हिरवी, किंचित केसाळ निदले काढून टाकायची आणि आत बोट घालून मधला पिवळा दांडा मोडून घ्यायचा, कारण तो कडसर लागतो. डाळीच्या पिठात चमचाभर तांदळाचे पीठ, ओवा, तिखट, हळद, मीठ आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून पीठ नेहमीच्या भज्यांपेक्षा सैल ठेवायचे. फूल त्यात बुडवून वर काढले की पाकळ्या एकमेकींना चिकटून त्याची मिटलेल्या छत्रीसारखी घडी होते, आणि तेलात सोडल्यावर ती घडी थोडीशी उलगडते. बाहेरचा पापुद्रा कुरकुरीत होतो आणि आत जवळजवळ काहीच उरत नाही. एक ओलसर, गोडसर वास आणि भोपळ्याची पुसट आठवण, इतकेच. कांदाभजी पोट भरण्यासाठी खातात. ही भजी खाऊन पोट भरत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले, की एवढ्या वर्षांत मी मंडईत भोपळ्याची फुले क्वचितच पाहिली होती, आणि याचे कारण फुलातच आहे. ते पहाटे उमलते आणि दुपार व्हायच्या आत मिटते. मंडईत येणारी भाजी आदल्या दिवशी तोडलेली, रात्री टेम्पोत दाबून भरलेली, पहाटे लिलावात उतरलेली आणि मग दिवसभर गाड्यावर पाणी मारून ताजी ठेवलेली असते. एवढा प्रवास सोसू शकणारी वस्तूच बाजारात भाजी म्हणून गणली जाते. आपण काय खातो हे आपल्या चवीइतकेच टेम्पोने ठरवले आहे. टोमॅटो कच्चा तोडतात तो यासाठीच. मटाराचा आणि मक्याचा गोडवा तोडल्या क्षणापासून उतरू लागतो, कारण दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते; घरच्या मटाराची शेंग वेलीपाशीच उभ्याने फोडून खाल्लेल्या माणसाला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. त्यात व्यापाऱ्याचा काही दोष नाही. मात्र घरची बाग आणि मंडई यांची तुलना भावाशी न करता या हिशेबाने केली पाहिजे, असे माझे मत आहे. गच्चीत मी कांदे-बटाटे पिकवायला जात नाही. तो मान शेतकऱ्याचा, आणि त्याचा कांदा माझ्यापेक्षा कितीतरी चांगला असतो. मी मंडईपर्यंत पोचू न शकणाऱ्या गोष्टी लावते.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या निम्म्या मला माझ्या आळसातून मिळाल्या. ऑक्टोबरात पेरलेला मुळा वेळेवर उपटायचा राहून गेला, त्याला तुरा आला, पांढरी-जांभळट फुले आली आणि जानेवारीत डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लगडल्या. मंडईत त्या एखाद्या आजीच्या टोपलीत क्वचित दिसतात, पण तोवर बहुतेक जून झालेल्या असतात. डिंगरी नखाने मोडून पाहायची. कट्कन मोडली तर घ्यायची, दोरा निघाला तर बियांसाठी तशीच झाडावर सोडायची. मोहरी-हिंगाच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीबरोबर वाफवून वर ओले खोबरे घातले की मुळ्याचा तिखटपणा नाकाला न झोंबता जिभेवर राहतो. कोथिंबीर अशीच फुलावर गेली की तिला हिरवे धणे धरतात. ते वाळण्याआधी, अजून टपोरे असताना खलबत्त्यात मिरची आणि लसणीबरोबर ठेचले तर त्या ठेच्याला कोथिंबिरीचा आणि धण्यांचा असा दुहेरी वास येतो. ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते. हळदीची पाने तर मी गड्ड्यांपेक्षा जास्त वापरते, कारण श्रावणात पातोळ्या करायच्या म्हणजे पान सकाळी तोडलेले हवे. पुण्यात विकत मिळालेच तर ते कडेने सुकलेले असते आणि दुमडताना चिरते. ज्यांच्याकडे एकच कुंडी आहे त्यांनी मिसळणाच्या डब्यातली मूठभर मेथी ओलसर वाळूत पेरून पाहावी. दहा-बारा दिवसांत बोटभर उंचीची मेथी येते; मुंबईत तिलाच समुद्रमेथी म्हणतात आणि तिच्या जुड्या खरोखर फुलांच्या गुच्छासारख्या बांधून विकतात.

बागा पाहायला जाण्याचीही मला हौस आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन मी सहसा चुकवत नाही. ही बाग सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० मधली, म्हणजे आजच्या बहुतेक पुण्याहून वयाने मोठी. प्रदर्शनातल्या गर्दीपेक्षा मला तिथल्या जुन्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढलेल्या, माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली जास्त आवडतात. मुंबईच्या राणीच्या बागेतले उर्वशीचे झाड फुललेले पाहण्यासाठी मी एकदा पहाटेची गाडी पकडून गेले आहे. तरीही आपल्या सार्वजनिक बागांविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मला दर वेळी नव्याने सुचते. ही १० एकरांची सुरेख बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेवरून बेतली आहे. वाहते पाणी, दगडांची मांडणी, लाकडी पूल, उंचसखल हिरवळ, सगळे आहे. परंतु १७०० साली पूर्ण झालेल्या मूळ कोराकुएनमध्ये हिरवळीच्या जोडीला भाताची खाचरे आहेत, चहाचा मळा आहे, आणि जूनमध्ये तिथे भातलावणीचा सोहळाही होतो. सरदाराने स्वतःच्या विरंगुळ्यासाठी बांधलेल्या बागेत त्याला शेत बघावेसे वाटले. आपण बाग आणली, शेत तिथेच ठेवले.

खरे तर आपल्याकडे ही फारकत पूर्वी नव्हती. घरापुढे तुळस आणि जास्वंद, मागे परसात केळ, शेवगा, कढीलिंब, आणि न्हाणीचे पाणी जिथे वाहत जाईल तिथे अळू, अशी व्यवस्था कोणी नकाशा न काढता होत असे. वडीसाठी काळ्या देठाचा अळू आणि फदफद्यासाठी हिरव्या देठाचा, एवढा विवेक त्या ओलाव्यातही पाळला जाई. परस गेला आणि बागेची निव्वळ शोभा उरली. महापालिकेच्या एखाद्या उद्यानात हिरवळीचा एक तुकडा कमी करून तिथे पावट्याचा मांडव, वांग्यांचा वाफा आणि एक शेवगा लावायला काय हरकत आहे? लोक तोडून नेतील, असे उत्तर मला एकदा मिळाले होते. नेतील तर नेऊ देत. शहरातल्या दहा मुलांनी तरी वांगे झाडाला लागलेले पाहिले असेल.

गच्चीवरच्या बागेला गृहसंस्थेत जो विरोध होतो तो मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्याकडे खालच्या मजल्यावर छताला ओल आली तेव्हा सभेत सगळी बोटे माझ्याकडे वळली. दोष शेवटी टाकीच्या जोडात निघाला, पण त्या निमित्ताने मी वजनाचा विचार पहिल्यांदा नीट केला. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, त्यामुळे गच्चीवर वाफे करून ते मातीने भरणे हा अविचारच आहे. शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या ‘प्रयोग परिवारा’चे श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळा कुजवून त्यातच पीक घेण्याची जी वाट दाखवली ती मला इथे उपयोगी पडली. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर उसाची चिपाडे आणि वाळका पाला, आणि वरती थोडीशीच माती. कुंडी एका हाताने सरकवता येते आणि खालून फरशी पुसता येते. सभेतल्या मंडळींना ही फरशी दाखवल्यावर विषय मिटला. कबुतरांचा विषय मिटलेला नाही. ती मेथीचे कोंब आजही माझ्याआधी वेचतात.

आता भोपळा मी दर वर्षी मुद्दाम लावते. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बी घातले आणि आतापर्यंत नर फुलांची तीन वेळा भजी झाली आहेत. काल संध्याकाळी टाकीच्या बाजूला दोन मादी कळ्या दिसल्या, टोकाला पिवळ्या पडू लागलेल्या, म्हणजे उद्या पहाटे उमलणार. पाचव्या मजल्यावर मधमाश्या येतात, पण भर पावसात त्यांचा भरवसा नसतो आणि परागही भिजून वाया जातात. मग ते काम आपल्याला करावे लागते. नर फुलाच्या पाकळ्या सोलून काढायच्या आणि उघडा पडलेला दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवायचा. आठ वाजायच्या आत हे झाले नाही तर त्या सुपारीएवढ्या फळाला तीन-चार दिवसांत पिवळेपणा येतो आणि ते गळते. सासूबाईंनी अलिबागहून फोनवर आठवण करून दिली आहे, की या कामापुरती दोन वांझ फुले राखून ठेव, सगळी तळू नकोस. छत्री धरायला नवऱ्याला साडेसहाला उठवायचे आहे, आणि ते अजून त्याला सांगितलेले नाही.