म्हैस धारेला कळते, मकाव काट्यावर

नमस्कार दादा,

मकाव, म्हणजे मोठा परदेशी पोपट, घेण्याआधी दहा वेळा विचार करा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी हौशी माणसाला नाउमेद करतो. तुमच्या काकांकडे ब्लू अँड गोल्ड (निळा-पिवळा) मकाव आठ वर्षं आहे, तीन फुटी पिंजऱ्यात राहतो, सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाण्यावर ठणठणीत आहे. काकूंना चावतो आणि काका बाहेर पडले की घर डोक्यावर घेतो, पण तो त्याचा स्वभाव. आणि शेवटी, "दावणीला म्हशी सांभाळणाऱ्या कोल्हापूरकराला पाखरू सांभाळायला शिकवू नका."

एक गोष्ट आधीच मान्य करतो. 'मकाव बोट तोडतो' हे मी सरसकट लिहायला नको होतं. चोचीत कठीण कवचाचं फळ फोडायची ताकद आहे हे खरं, पण हा पक्षी न सांगता क्वचितच चावतो. मानेवरची पिसं ताठ होतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, डोळ्याची बाहुली भराभर लहान-मोठी होते, गालाची उघडी पांढरी कातडी गुलाबी पडते. नुसत्या बाहुलीवर जाऊ नका, खुशीतही ती तशीच होते. पिसं आणि शेपटी जोडीला आली की हात मागे घ्यायचा.

पण काकूंना चावणं हा स्वभाव नाही. मकाव जंगलात जोडीनं राहतो. तीन ते पाच वर्षांत तो वयात येतो आणि एकाला धरून बाकीच्यांना हुसकावतो. तुमच्याकडे त्यानं काकांना जोडीदार मानलंय आणि काकू मध्ये येणाऱ्या ठरल्यात. ज्या जिव्हाळ्यासाठी माणूस मकाव घेतो, तोच जिव्हाळा एकाच माणसावर साचला की असा बाहेर येतो. म्हणून काकांनी फक्त डोकं आणि मान खाजवावी. पाठीवरून, पंखाखालून हात फिरवणं बंद. कपाट, खोकं, सोफ्याखालचा अंधारा कोपरा बंद, कारण त्याला ती घरट्याची जागा वाटते.

काकूंसाठी क्रम असा. वाटीतले बदाम-अक्रोड काढून टाका, ते यापुढे फक्त काकूंच्या हातून. पहिला आठवडा दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, काका खोलीत नसताना, गजातून बदामाचा एकेक तुकडा द्यायचा आणि निघून जायचं. तो शांतपणे पुढे येऊ लागला की एक काठी दाखवायची. चोच लावली की तुकडा. मग त्याच काठीच्या मागे त्याला दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं. हातावर घेणं सगळ्यात शेवटी. तुम्ही लिहिलंय की हात उगारला की गप्प बसतो. तो गप्प बसतो ते भीतीनं, आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावायला शिकतो.

ओरडण्याचंही तसंच. कळपातला पक्षी दिसेनासा झाला की बाकीचे साद घालतात. काकांनी दुसऱ्या खोलीतून एक ठरावीक शीळ द्यावी, त्यानं शीळ किंवा शब्दानं उत्तर दिलं तर लगेच प्रतिसाद द्यावा, किंचाळीला मात्र नाही. 'गप रे!' म्हणून ओरडलं तर त्याच्या लेखी ते उत्तरच झालं. बाहेर पडण्याआधी पुठ्ठ्यात गुंडाळलेला, दोरीनं बांधलेला खाऊ द्या, तो सोडवण्यात वेळ जातो. सकाळ-संध्याकाळची हाक मात्र कुठल्याही शिकवणीनं जात नाही. ती सहज शंभर डेसिबलच्या वर जाते. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये घेऊ नका म्हणालो ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसाठी.

आता तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा, ठणठणीत असण्याचा. म्हैस बिघडली तर संध्याकाळी धारेला कळतं, दूध आटतं, वैरण तशीच राहते. मकाव दुखणं शेवटपर्यंत लपवतो, कारण जंगलात आजारी दिसणारा आधी मारला जातो. त्याची धार म्हणजे वजनकाटा. ग्रॅममध्ये दाखवणारा काटा घ्या, त्यावर दांडी बसवा, रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहा. निरोगी ब्लू अँड गोल्ड साधारण ९०० ते १३०० ग्रॅम भरतो. नेहमीच्या वजनात दहा टक्के घट दिसली की पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

सूर्यफुलात चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळपास नाही. वर्षानुवर्षं तेच खाल्लं की नाकातोंडातलं अस्तर बिघडून जंतुसंसर्ग होतो, यकृतावर चरबी चढते. आपल्या पावसाळ्यात शेंगदाण्याचा धोका वेगळाच. दमट शेंगेवर बुरशी धरते आणि तिचं विष यकृतावर जातं. भाजल्यानं बुरशी मरते, विष पूर्ण जात नाही. निम्म्याहून जास्त खाणं पेलेट्सचं, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांचं हवं. सोबत लाल भोपळा, गाजर, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग. ओली लाल मिरची बिनधास्त द्या, पक्ष्यांना तिखट जाणवत नाही. ठेचा नको, त्यात मीठ आणि तेल आहे. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा कधीच नाही. बदल सहा ते आठ आठवड्यांत करा: सकाळी भुकेच्या वेळी आधी भाजी आणि पेलेट्स, बिया संध्याकाळी, दर आठवड्याला थोड्या कमी. वजन घसरलं तर थांबा. उपाशी ठेवून सवय मोडायला जाऊ नका.

पिंजऱ्याचं उत्तर फूटपट्टी देते. या पक्ष्याचे पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत एक मीटरच्या पुढे भरतात. तीन फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर. आठ वर्षांत पिंजऱ्यात त्याला एकदाही पूर्ण पंख उघडता आलेले नाहीत. निदान चार फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फूट उंच हवा आणि तरीही रोज तीन-चार तास बाहेर. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घ्या, पण जीआय (गॅल्व्हनाइज्ड) जाळी नको, जस्ताचा मुलामा चोचीनं सोलून पोटात गेला की विषबाधा होते. स्टेनलेस स्टील, गजांतलं अंतर एक ते दीड इंच, वेल्डिंगचे दाणे घासून काढलेले. साधी कडी तो सहज उघडतो, बाहेरून लागणारं कुलूप बसवा. दांडीला पेरूची दीड-दोन इंच जाड फांदी. तो ती कुरतडून संपवणार, ते चांगलंच आहे, नवी लावा. कण्हेरीची फांदी मात्र नको, ती विषारी आहे. पिंजरा स्वयंपाकघराजवळ नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत दगावतो.

घरोघरी पोपट आहेत मग मकावच का नको, असंही तुम्ही विचारलंत. आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. मकाव परदेशी असल्यानं पाळता येतो, पण २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. काकांची नोंद झालेली नसेल तर वन विभागात विचारून घ्या.

घर पूररेषेच्या आत असेल तर उचलून नेता येईल असा प्रवासी पिंजरा आजच घ्या आणि त्यात बसायची सवय उन्हाळ्यात लावा. २०१९ सारखं पाणी चढलं तर तेव्हा शिकवायला वेळ मिळत नाही. मकाव पन्नास वर्षंही जगतो, तेव्हा काकांनंतर तो कोणाकडे जाणार हेही आत्ताच बोलून ठेवा. काकूंशी जमलं तर उत्तर घरातच आहे.

आठवडाभराची सकाळची वजनं आणि सध्या तो दिवसाला किती बिया खातो ते इथेच खाली लिहा. त्यावरून पहिल्या पंधरा दिवसांचं खाणं ग्रॅममध्ये मांडून देतो.