पडद्यावरचा पेशंट आणि आपली तुडुंब ओपीडी

"कॉम्प्युटरवर पेशंट तपासून कुणी डॉक्टर होतं का?" व्हर्च्युअल पेशंटच्या ऑनलाइन केसेसचा (म्हणजे पडद्यावरच्या बनावट पेशंटवर विद्यार्थ्यानं निदान-उपचाराचा सराव करण्याचा) विषय निघाला की भारतातल्या माझ्या डॉक्टर मित्रांत दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारी रुग्णालयांत पेशंटना उभं राहायला जागा नाही, मग ही थेरं कशाला? दुसऱ्याची धास्ती वेगळी: खाटा रिकाम्या असलेली कॉलेजं उद्या तपासणीच्या वेळी हेच पेशंट म्हणून दाखवतील.

दुसरी धास्ती मला शंभर टक्के पटते. पहिला आक्षेप मात्र इंग्लंडात विद्यार्थ्यांना शिकवू लागल्यापासून लंगडा वाटतो. आपल्या ओपीडीत विद्यार्थी पेशंट ढिगानं पाहतो, पण त्याची हिस्टरी घेऊन होईपर्यंत सिनिअरनं औषध लिहिलेलं असतं. निर्णय घ्यायची पाळी येते ती थेट इंटर्नशिपमध्ये, तीही रात्री, कॅज्युअल्टीत, एकट्यावर. (इंग्लंडात पेशंट "आज विद्यार्थी नको" म्हणाला की विषय संपतो. इथली अडचण ती.)

पडद्यावर मात्र निर्णय घेतल्याशिवाय केस पुढे सरकतच नाही. अमेरिकेच्या डॉक्टरी परवान्यासाठीच्या स्टेप ३ परीक्षेत तर घड्याळही परीक्षार्थीच पुढे नेतो आणि तसतशी पेशंटची तब्येत बदलते. समजा, पहाटे पोटदुखी आणि उलट्या घेऊन तरुण आला. अंगावर खूण नाही, पापण्या जडावलेल्या. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन त्याला नुसतं झोपवून ठेवलं, तर थोड्या वेळानं श्वास मंदावतो. "रात्री जमिनीवर झोपला होतास का?" एवढं विचारलं असतं, तर मण्यार चावल्याचा संशय वेळेत आला असता. हा धडा खऱ्या पेशंटवर कुणी गिरवू नये.

अशी केस युरोपात कोण लिहिणार? तिथल्या आयत्या केसेस विकत घेऊन आपलं भागणार नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली. आपल्या केसेस अशा तालुक्याच्या अनुभवातून यायला हव्यात, आणि त्या लिहिणाऱ्या डॉक्टरांना मानधनही हवं.

पोट दाबून बघणं, लाजणाऱ्या बाईला बोलतं करणं हे माउसनं येत नाही. त्यासाठी वॉर्डच हवा. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पुतळ्यांवर हात बसवायची स्किल्स लॅब आहेच; या केसेस तिच्या जोडीला ठेवाव्यात. वॉर्ड पोस्टिंगच्या हजेरीत मात्र त्यांचा एक तासही धरू नये.